चक्रवर्तीचा डोळा आणि महेंद्रसूरींचं यंत्र

जैन घरातल्या बाईचा दिवस घड्याळापेक्षा सूर्यावर जास्त चालतो. सकाळी सूर्य उगवून दोन घटिका झाल्याशिवाय कित्येकींच्या तोंडात पाणी जात नाही. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत शेवटची भाकरी तव्यावरून उतरलेली असते, ताटं वाढलेली असतात, आणि घरातला एखादा पुरुष अजून दुकानातून आला नाही म्हणून जीव वरखाली होत असतो. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, पर्युषण, दशलक्षण हे सगळं चंद्रावर. म्हणजे सूर्य आणि चंद्र हे आपल्या स्वयंपाकघरातलेच दोन मालक म्हणा ना! पण मंदिराच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूर्यास्ताची वेळ कुणी आणि कशाने काढली, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्या जणी विचारतात.

हा प्रश्न मी विचारायला लागले आणि मला दोन डोळे सापडले. एक डोळा पुराणातला आहे, अद्भुत आहे, आणि आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दुसरा पितळेचा आहे, एका जैन मुनींनी तो संस्कृतात आणला, आणि त्याचं नाव आपल्या मंडळात मी काढलं तेव्हा एकीनेही ते ऐकलेलं नव्हतं. या दोघांची गोष्ट सांगायची आहे.

पहिला डोळा भरत चक्रवर्तीचा. प्रवचनात ही कथा हमखास येते. उन्हाळ्यात सूर्य सगळ्यात आतल्या मार्गावर असतो तेव्हा तो निषध पर्वतावर उगवतो, आणि अयोध्येत आपल्या महालावर उभा राहून चक्रवर्ती सूर्याच्या विमानातल्या जिनबिंबाचं दर्शन घेतो. केवढ्या अंतरावरून? ४७,२६३ योजनं आणि वर एका योजनाचे वीस भाग केले तर त्यातले सात. माहेरी, बेळगावच्या बाजूला, आमची आजी हा आकडा मंत्रासारखा म्हणायची. सात-विसांशासकट! आम्हा मुलींना वाटायचं, काय ती दुर्बीण असेल चक्रवर्तीच्या डोळ्यात!

पुढे 'तिलोयपण्णत्ती' हातात आली. यतिवृषभ आचार्यांचा हा प्राकृत ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ आणि १९५१ मध्ये दोन भागांत छापला. संपादक हिरालाल जैन आणि आपल्या चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे आ. ने. उपाध्ये. त्यातलं सूर्याचं गणित वाचताना त्या मंत्राची गाठ सुटली. बायांनो, जरा पाटी-पेन्सिल घ्या, अवघड नाही.

शास्त्राप्रमाणे जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र मेरूभोवती फिरतात. सूर्याचे मार्ग १८४. सगळ्यात आतल्या मार्गाचा व्यास ९९,६४० योजनं. त्याला दहाच्या वर्गमुळाने गुणलं की घेर येतो ३,१५,०८९ योजनं. एका सूर्याला ही पूर्ण फेरी करायला ६० मुहूर्त, म्हणजे दोन अहोरात्र लागतात. आजचा सूर्य एक, उद्याचा दुसरा. सूर्य आतल्या मार्गावर असतो त्या दिवशी दिवस सगळ्यात मोठा, १८ मुहूर्तांचा. म्हणजे उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत ९ मुहूर्त. साठ मुहूर्तांत सगळा घेर, तर नऊ मुहूर्तांत किती? ३,१५,०८९ ला ९ ने गुणा, ६० ने भागा. उत्तर ४७,२६३ पूर्णांक आणि सात-विसांश!

माझ्या अंगावर काटा आला. आजीचा मंत्र म्हणजे त्रैराशिक निघालं. चक्रवर्तीची नजर किती लांब जाते, ते कुणी मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. उगवता सूर्य आपल्यापासून किती दूर असेल, याचा कुणीतरी बसून हिशेब केला, आणि तेवढं अंतर पाहू शकणारा डोळा चक्रवर्तीला दिला. 'गोम्मटसारा'त डोळा या इंद्रियाची जास्तीत जास्त पोच म्हणून हाच आकडा येतो, आणि श्वेतांबरांच्या 'सूर्यप्रज्ञप्ती'तही उगवत्या सूर्याचं अंतर म्हणून हाच. कथा वेगवेगळ्या झाल्या, गणित एकच राहिलं.

पण गणित बरोबर असलं तरी ते ज्या गोष्टींवर उभं आहे, त्या आभाळाशी जुळतात का? इथे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून टोचणी लागलेली आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये दोन सूर्यांच्या मतावर टीका केली. आपल्या सह्याद्रीच्या परिसरातले भास्कराचार्य ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त त्याहून तिखट बोलले. ध्रुवाजवळचे तारे एका अहोरात्रात पूर्ण फेरी घेताना डोळ्यांना दिसतात, मग सूर्य-चंद्रांची संख्या उगीच दुप्पट कशाला, असा त्यांचा सवाल. आणि दिवसाचंच बघा. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. १८ मुहूर्त म्हणजे १४ तास २४ मिनिटं. एवढा मोठा दिवस काश्मीरच्या बाजूला होतो. माझ्या माहेरी ज्येष्ठातला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जेमतेम वर जातो. लग्न होऊन इंदूरला आले, तर इथे साडेतेरा. थंडीत उलटं. पौषात इंदुरात सूर्य माहेरापेक्षा पाव तासाहूनही जरा आधीच मावळतो. सासरचं पहिलं वर्ष या पाव तासानेच माझी तारांबळ उडवली होती. एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, की १८ आणि १२ मुहूर्तांचं हे प्रमाण एकट्या जैनांचं नाही. वेदांग ज्योतिषातही तेच आहे. त्या काळाची ती सगळ्यांची मिळकत होती.

मग या टोचणीवर जैनांनी काय केलं? काहींनी वाद घातले, काहींनी मौन धरलं. एका मुनींनी वाद सोडून आभाळाकडे पाहायची वस्तूच उचलून आणली.

हे महेंद्रसूरी. भृगुपूर, म्हणजे आजचं भरूच, तिथले मदनसूरी त्यांचे गुरू. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाच्या दरबारात महेंद्रसूरींना ज्योतिषी म्हणून मान होता. हा फिरोजशहा १३५१ ते १३८८ गादीवर होता. अशोकाचे दोन स्तंभ दुरून हलवून दिल्लीत उभे करवणारा तो हाच. त्याच्या दरबारात अरबी-फारसी ग्रंथांबरोबर एक पितळी तबकडी होती. तिला ते लोक उस्तुरलाब म्हणत. महेंद्रसूरींनी ती समजून घेतली आणि शके १२९२ मध्ये, म्हणजे १३७० साली, तिच्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. नाव 'यंत्रराज'. यंत्रांचा राजा. या विषयावरचा संस्कृतातला हा पहिला ग्रंथ. पाच अध्याय: आधी गणित, मग यंत्राचे भाग, मग ते आखायचं कसं, मग ते बरोबर झालं आहे का ते तपासायचं कसं, आणि शेवटी वापरायचं कसं. त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी त्यावर टीका लिहिली.

यवनांच्या ग्रंथांतून आपण हे घेतलं, असं महेंद्रसूरी सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्यांच्या शास्त्राला ते समुद्राची उपमा देतात आणि आपण काढलं त्याला अमृताची. मला हे फार मोठं वाटतं. एक जैन साधू, ज्याच्या खाण्यापिण्यात, चालण्याबोलण्यात इतके नियम, तो परक्या धर्माच्या दरबारात बसतो, परक्या भाषेतलं ज्ञान घेतो, ते कुणाकडून घेतलं हे लपवत नाही, आणि तरी सूरी राहतो.

आता हे यंत्र कसं असतं ते सांगते, कारण त्याशिवाय गोष्टीत जीव येणार नाही. वर कडी असलेली, थाळीएवढी किंवा त्याहून लहान पितळी तबकडी. कडीत बोट घालून ती टांगायची, म्हणजे आपल्या वजनाने सरळ लोंबते. कडेला अंशांच्या खुणा. आतल्या खोलगट भागात पातळ पत्रे बसतात. प्रत्येक पत्र एकेका अक्षांशाचं, म्हणून अक्षपत्र. त्यावर त्या गावाचं क्षितिज आणि आभाळाच्या उंचीची वर्तुळं कोरलेली. त्याच्यावर जाळीदार पत्र, ते भपत्र. भ म्हणजे तारा. जाळीच्या टोकाटोकावर ठळक तारे, आणि एक वर्तुळ सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचं. महेंद्रसूरींनी यासाठी ३२ तारे दिले आहेत. मागच्या बाजूला मधे फिरणारी एक पट्टी आणि तिच्या दोन टोकांना उभ्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक भोक.

भिंग कुठेच नाही, बरं का. रात्री चंद्र किंवा तारा पाहायचा तर दोन्ही भोकांतून डोळा लावून पाहायचं. सूर्याला मात्र डोळा लावायचा नाही. पट्टी हळूहळू फिरवायची, वरच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खालच्या भोकावर पडला की थांबायचं. पट्टी कडेला जिथे टेकली, तेवढे अंश सूर्य क्षितिजाच्या वर. मग पुढच्या बाजूला जाळी फिरवून त्या दिवसाच्या सूर्याचं ठिकाण तेवढ्याच उंचीच्या वर्तुळावर आणायचं. झालं! किती घटिका दिवस गेला, किती उरला, सूर्य कधी मावळेल, सगळं तबकडीवर वाचता येतं. रात्री हेच काम ताऱ्यावरून.

मला त्यातलं अक्षपत्र सगळ्यात भावतं. गाव बदललं की पत्र बदलायचं. माहेरचं पत्र वेगळं, सासरचं वेगळं. जी गोष्ट मी नव्या घरात पाव तास चुकामुकीने शिकले, ती या मुनींनी साडेसहाशे वर्षांपूर्वी कोरून ठेवायला सांगितली होती. सगळ्या जगाला एकच अठरा मुहूर्तांचा दिवस नाही, ज्या जमिनीवर तुम्ही उभ्या आहात तिचा दिवस वेगळा, हे त्या पत्र्यात आहे. आणि या सगळ्या आखणीच्या मुळाशी गोलाचं गणित आहे. जाळीवर सूर्याची वाट एकच, तिच्यावर सूर्यही एकच.

आता जादूचं बोलू. 'यंत्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिद्धचक्र किंवा ऋषिमंडलाचं तांब्याचं यंत्र येतं. वर्तुळं, त्यात अक्षरं, भोवती पाकळ्या. अज्ञान माणसाने अक्षपत्र पाहिलं तर त्याला तेही तसंच वाटेल. आणि जुन्या ज्योतिष्यांनी हा गैरसमज होऊ दिला, कधी मुद्दाम वाढवलाही. सूर्यसिद्धांतात आपोआप फिरणाऱ्या गोलाचं वर्णन आहे आणि ते गुपित ठेवावं, सगळ्यांना सांगितलं तर त्याची किंमत जाईल, असा उपदेश आहे. पारा भरलेल्या आऱ्यांचं चाक एकदा फिरवलं की कायम फिरत राहील, हे भास्कराचार्यांनीही लिहून ठेवलं. असं चाक कुणालाही कधी फिरत ठेवता आलेलं नाही. पण हेच भास्कराचार्य सगळी यंत्रं सांगून झाल्यावर म्हणतात, सगळ्यांत श्रेष्ठ ते धीयंत्र. हातात साधी काठी आणि डोक्यात बुद्धी असेल तर आभाळातलं काय मोजता येणार नाही?

महेंद्रसूरी या दोन टोकांच्या मधे उभे दिसतात. यंत्राला त्यांनी राजा म्हटलं, पण राजाचा पडदा ठेवला नाही. कसं आखायचं, कसं तपासायचं, सगळं उघड लिहिलं. तपासण्यावर वेगळा अध्याय आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जादूची वस्तू कुणी तपासत नाही. जिच्यावर शंका घेता येते, चूक निघाली तर दुरुस्त करता येते, ती वस्तू ज्ञानाची.

पुढचा प्रवास थोडक्यात. महेंद्रसूरींनंतर पन्नास-साठ वर्षांत पद्मनाभ आणि रामचंद्र वाजपेयी यांनी यंत्रांवर संस्कृतात ग्रंथ लिहिले. मोगलांच्या काळात लाहोरच्या एका कारागीर घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अशी पितळी यंत्रं घडवली. आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी जयपूरला सुमारे सात फुटांची तबकडी बसवली. तिचं नाव आजही यंत्रराजच आहे. जयसिंगांना दुर्बीण माहीत होती. शुक्राच्या चंद्रासारख्या कला आणि गुरूभोवतीचे चार तारे यांची नोंद त्यांच्या ग्रंथात आहे. युरोपातली गणितं पाहायला त्यांनी फादर मानुएल फिगेरेदो यांना पोर्तुगालला पाठवलं होतं. तरीही मोजमापासाठी त्यांनी भरवसा ठेवला तो दगडी भिंतींवर आणि सावलीवर.

त्यांच्या पाच वेधशाळांपैकी एक आमच्या इंदुराजवळ उज्जैनला क्षिप्राकाठी आहे. मधल्या काळात ती मोडकळीला आली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिची देखरेख केली. शिंद्यांच्या राज्यात आलेल्या आपल्या मराठी माणसांच्या खात्यावर ही एक चांगली जमा आहे. आमच्या स्वाध्याय मंडळाच्या बायका मी एकदा तिथे नेल्या. नाडीवलय यंत्राच्या एका तोंडावर सहा महिने ऊन आणि दुसऱ्यावर सहा महिने, हे पाहून सगळ्या हरखल्या. सम्राट यंत्रावर सावली डोळ्यांदेखत सरकते. पण तिने सांगितलेली वेळ आणि मनगटावरचं घड्याळ यांत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. एक काकू म्हणाल्या, "अगं, यंत्र चुकलंय!" यंत्र चुकलेलं नव्हतं. ते उज्जैनच्या सूर्याची वेळ सांगत होतं. आपलं घड्याळ सांगतं ते साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैनसाठी त्यात सुमारे २७ मिनिटांचा फरक, वर ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. मग त्याच काकूंनी विचारलं, "म्हणजे आपण सूर्यास्त पाळतो तो कुणाचा?" मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं प्रवचन ते होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिकडे येते. आमच्या पाठशाळेत एका नववीतल्या मुलीने विचारलं, "पुस्तकात सूर्य एक, इथे दोन. परीक्षेत काय लिहू?" शिकवणाऱ्या बाईंनी तिला गप्प केलं. अशा वेळी घरोघरी दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे, शास्त्रावर शंका घेऊ नकोस. दुसरं म्हणजे, हे सगळं थोतांड आहे, सोडून दे. पहिल्या उत्तराने मुलगी विचारणं सोडते, दुसऱ्याने मंदिर सोडते. दोन्ही वेळा आपण एक मुलगी गमावतो.

तिसरं उत्तर आपल्याच घरात आहे, आणि ते द्यायला महेंद्रसूरी माहीत असावे लागतात. तिला सांगावं की दोन सूर्यांचं गणित मांडणारे लोक आपलेच होते. त्यांनी दिसणाऱ्या सूर्याला अंकात पकडायचा फार जुना आणि फार धीट प्रयत्न केला. ४७,२६३ चा हिशेब तिच्याकडून करून घ्यावा, म्हणजे तिला त्यांच्या बुद्धीचा अभिमान वाटेल. आणि मग सांगावं की पुढे अधिक चांगलं मोजता यायला लागलं, तेव्हा ते शिकून घेणारा, इतरांना शिकवणारा पहिला संस्कृत ग्रंथकारही आपलाच एक मुनी होता. परीक्षेत एकच सूर्य लिही. जिनबिंबाला नमस्कार करताना तुझे हात अडत नाहीत.

काही जणी म्हणतील, यात श्रद्धेला धक्का नाही का? मी असं म्हणेन की रात्री न जेवण्याचा नियम दोन सूर्यांवर उभा नाही. तो अंधारात मरणाऱ्या जिवांच्या दयेवर उभा आहे. सूर्य एक असो की दोन, दिव्यावर झेप घेणारा पतंग एकच असतो. आणि व्रत काटेकोर पाळायचं तर सूर्य खरा कधी मावळतो, हे कळायलाच हवं. त्या बाबतीत यंत्रराज आपल्या व्रताचाच सेवक आहे.

दुःख एवढंच की चक्रवर्तीचा डोळा आपण जपला आणि मुनींचं यंत्र विसरलो. 'यंत्रराज' मलयेंदुसूरींच्या टीकेसह १९३६ मध्ये मुंबईत छापून झाला. आपल्या किती ग्रंथभांडारांत तो आहे? विदुषी आर्यिका, पाठशाळेच्या शिक्षिका, मंडळाच्या सेक्रेटरी, सगळ्यांना माझी विनंती आहे. मागवा, दाखवा, एखाद्या जाणकाराला बोलवून समजून घ्या. आणि मुलींकडून पुठ्ठ्याची एक तबकडी करून घ्या. कडेला अंश, मधे फिरती पट्टी, तिला दोन भोकं. आपल्या गावाचा सूर्य त्यांना स्वतः मोजू द्या. डोळा सूर्याला लावायचा नाही, उन्हाचा ठिपका भोकावर घ्यायचा, हे मात्र आधी बजावून सांगा. मंदिराच्या फळ्यावरची सूर्यास्ताची वेळ मग दर आठवड्याला एखादी मुलगी लिहील, आणि ती कुठून आली असं कुणी विचारलं तर तिला उत्तर देता येईल.